हातभर पाण्यातला फ्लोट

नाशिक जिल्ह्यात गळाने मासे धरायचे म्हटलं की गंगापूर, दारणा, गिरणा अशी धरणांची नावं आधी तोंडावर येतात. पण उथळ पाण्यात पेलेटवर, म्हणजे माशांच्या खाद्याच्या दाण्यावर, मासा कसा लागतो हे ज्याला शिकायचं असेल, त्यानं धरणं काही दिवस बाजूला ठेवावीत आणि निफाड, दिंडोरी नाहीतर चांदवडकडच्या एखाद्या द्राक्षबागायतदाराच्या शेततळ्यावर जावं. अर्थात परवानगी काढून. धरणात मासा कुठे आहे हे शोधण्यातच निम्मी सकाळ जाते. शेततळ्यात मासा आहे हे माहीत असतं, तो काय खातो हे माहीत असतं, किती वाजता खातो हेही माहीत असतं. राहतो एकच प्रश्न : तो या क्षणी पाण्याच्या कोणत्या थरात आहे? फ्लोट, दोरा, वजन, गळ या सगळ्यांची निवड त्या एका प्रश्नाच्या उत्तरावरून करायची असते. बहुतेक जण उलट करतात. दुकानात दिसलेला देखणा फ्लोट आधी घेतात आणि मग त्याला साजेसं पाणी शोधत फिरतात.

शेततळं म्हणजे काय, ते शहरातल्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. २०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं सर्वांत मोठं तळं ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल असं होतं. द्राक्ष आणि डाळिंबाच्या पट्ट्यात स्वखर्चानं खोदलेली याहून मोठी तळीही भरपूर आहेत. चारही बाजूंना मातीचा भराव, आत तिरके उतार आणि त्यावर प्लास्टिकचं अस्तर. या अस्तराला शेतकरी ‘कागद’ म्हणतात. पाणी बागेच्या ठिबकसाठी साठवलेलं असतं, पण ते नुसतं पडून राहण्यापेक्षा त्यात रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस किंवा तिलापियाची बोटुकली सोडली की वर्षाकाठी घरची मासळी निघते, चार पैसेही सुटतात.

उथळ पाण्यातल्या गळाचा पहिला नियम या कागदातूनच येतो. धरणात गळ तळाला टेकला तर फार तर दगडात अडकेल, दोरा तुटेल. शेततळ्यात गळ तळाला टेकून ओढला गेला तर कागदाला भोक पडतं. ते भोक कुठे आहे हे कळत नाही, पाणी मात्र रोज उतरत राहतं आणि मार्च महिन्यात ज्याच्या वेलीला पाणी कमी पडतं त्याला तुमच्या छंदाचं कौतुक उरत नाही. म्हणून इथे गळ कायम अधांतरी राहिला पाहिजे. तळाशी शिसं टाकून दोरा ताणून बसायची पद्धत शेततळ्यात बादच समजायची. फ्लोट बांधायचा तो सर्वांत आधी गळाला कागदापासून वर धरून ठेवण्यासाठी. मासा लागल्याची वर्दी देणं हे त्याचं दुसरं काम.

आता मासा वर का येतो ते पाहू. तळ्यात टाकतात ते पेलेट दोन जातीचं. एक बुडणारं, साध्या दाबानं घट्ट केलेलं. दुसरं तरंगणारं. हे ज्या प्रकारच्या यंत्रातून निघतं, त्याच प्रकारच्या यंत्रातून दुकानातले कुरकुरेही निघतात. उष्णता आणि दाबाखाली पिठातला स्टार्च शिजतो, तोंडातून बाहेर पडताना दाब एकदम उतरतो, आतली वाफ फुगते आणि गोळीत हवेची बारीक छिद्रं राहतात. शेतकऱ्याला तरंगणारं खाद्य परवडतं, कारण मासे किती खातात हे डोळ्यांनी दिसतं आणि न खाल्लेलं तळाशी कुजत नाही. रोजचं खाद्य साधारणपणे माशांच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के धरतात आणि सकाळ-संध्याकाळ दोन हप्त्यांत टाकतात. वाऱ्यानं ते काठाला जाऊन लागू नये म्हणून कित्येक ठिकाणी पीव्हीसी पाइपचं चौकोनी कडं पाण्यावर तरंगत ठेवलेलं असतं. महिनोन् महिने एकाच जागी, एकाच वेळी अन्न वरून येत असलं की मासे शिकतात. भरावावर पावलांची धमक झाली की पाण्याखाली सावल्या सरकायला लागतात.

त्यांना ऐकू येतं, हे इथे लक्षात ठेवायचं. रोहू, कटला, सायप्रिनस ही सगळी कार्पच्या कुळातली मंडळी. यांच्या पोहण्याच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत लहान हाडांची एक साखळी असते. पाण्यातला आवाज पिशवीवर आदळतो आणि ती साखळी तो कानापर्यंत पोचवते. त्यामुळे पाण्यावर पडलेल्या दाण्याचा टपकन होणारा आवाज त्यांना चांगला कळतो. तो त्यांच्यासाठी जेवणाचा आवाज असतो. उथळ पाण्यातल्या पेलेटच्या सगळ्या कसबाचा पाया एवढाच आहे : थोडं थोडं, पण सतत टाकत राहायचं. एका वेळी चार-पाच दाणे, अर्ध्या-एक मिनिटानं पुन्हा चार-पाच. ओंजळभर एकदम टाकलं की मासे पोट भरून निघून जातात. दाणे तुरळक पडत राहिले की ते एकमेकांशी चढाओढ करत वर वर येतात, आणि चढाओढीतला मासा दाणा पारखून घेत बसत नाही.

मात्र सगळे मासे एका थरात जेवत नाहीत. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, तो वरच्या थरातला. रोहू मधल्या थरातला, ओठांना झालर असलेला. मृगळ तळाचा. सायप्रिनसही तळ उकरणारा, पण तरंगत्या खाद्याची सवय लागली की तोच सर्वांत आधी वर येतो. तिलापिया संधिसाधू, जिथे मिळेल तिथे खाणारा. या तिघांना, म्हणजे कटला, रोहू आणि मृगळाला, एकत्र वाढवण्यामागचं शास्त्र हेच की तिघं एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. मुळात हे तिघे गंगेच्या खोऱ्यातले. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन भारतीय कार्पचं प्रजनन घडवून आणलं. तेव्हापासून त्यांचं बीज नदीतून गोळा करत बसण्याची गरज उरली नाही. आज चांदवडच्या माळावरच्या तळ्यात गंगेतला रोहू गळाला लागतो, त्याच्या मागे तो प्रयोग आहे.

कटल्याबद्दल एक सावधगिरी. तो प्रामुख्यानं पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खाणारा मासा, कडक दाणा गळ्याखाली घालायला तो फारसा राजी नसतो. त्याच्यासाठी पेलेटची पूड भिजवून, थोडी कणीक मिसळून मऊ गोळा करावा. पाण्यात गेल्यावर तो हळूहळू सुटला पाहिजे, धुक्यासारखा पसरला पाहिजे. रोहू, सायप्रिनस, तिलापियासाठी मात्र अख्खा दाणा चालतो. पुढचं सगळं विवेचन अख्ख्या दाण्याचं आहे.

फ्लोटकडे येऊ. गावाकडच्या पोरांचे फ्लोट पाहिलेत तर त्यात तीन घराणी दिसतात. जुन्या स्लीपरचा कापलेला रबरी तुकडा, थर्मोकोलचा गोळा आणि ज्वारीच्या धाटाच्या भेंडाची कांडी. पहिले दोन तरंगतात छान, पण तेवढंच करतात. थर्मोकोलचा सुपारीएवढा गोळा खाली ओढायला माशाला जेवढा जोर लागतो, तेवढ्यात त्याला लबाडी कळते आणि तो दाणा थुंकून टाकतो. भेंडाची कांडी त्यामानानं शहाणी, कारण ती बारीक आणि लांब असते. पण ती पाणी पिते. वरून रंगाचा हात दिला तर एखादा हंगाम निघतो.

या सगळ्यांपेक्षा सरस म्हणजे मोराच्या पिसाचा देठ. इंग्लंडपासून बंगालपर्यंत तळ्यावर गळ टाकणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या तो वापरला. हलका, सरळ, आतून भेंडासारखा, बाहेरून पाणी न शिरू देणारा. मोर संरक्षित पक्षी आहे, तेव्हा पीस आपोआप गळून पडलेलंच हवं, हे वेगळं सांगायला नको. बारा सेंटिमीटरचा तुकडा तिरप्या धारेच्या ब्लेडनं कापावा, दोन्ही तोंडं फेव्हिक्विकच्या थेंबानं बंद करावीत, वरचा दोन सेंटिमीटर भाग भगवा किंवा काळा रंगवावा. काळा का, तर सकाळच्या तिरप्या उन्हात पाणी चमकतं तेव्हा भगवं टोक हरवतं, काळं दिसत राहतं. खालच्या टोकाला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा छोटा तुकडा चढवून त्यातून दोरा ओवला की फ्लोट तयार. ट्यूबची पकड अशी की फ्लोट दोऱ्यावर बोटानं सरकतो, पण आपण होऊन सरकत नाही. उथळ पाण्यात मिनिटामिनिटाला खोली बदलावी लागते, म्हणून गाठ मारून पक्का केलेला फ्लोट काही कामाचा नाही.

टोकाची जाडी हा फ्लोट निवडण्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. तिथे थोडं गणित केल्याशिवाय गत्यंतर नाही. फ्लोटचा पाण्याबाहेरचा भाग जेवढा खाली जातो, तेवढ्या आकारमानाचं पाणी तो बाजूला सारतो आणि तेवढं जास्तीचं वजन पेलतो. ५ मिलिमीटर जाडीचं टोक १ सेंटिमीटर खाली ढकलायला सुमारे ०.२ ग्रॅम वजन लागतं. २ मिलिमीटर जाडीचं टोक तेवढंच खाली न्यायला ०.०३ ग्रॅम पुरतं. आता ६ मिलिमीटर जाड आणि तेवढाच लांब बुडणारा दाणा घ्या. तो पाण्यापेक्षा पाचव्या हिश्श्यानं जड आहे असं धरलं, तर पाण्यात लोंबकळताना त्याचं वजन भरतं जेमतेम ०.०३ ग्रॅम. म्हणजे बारीक टोकाच्या फ्लोटवर दाणा गळाला आहे की पळवला गेला, हे नुसतं टोक किती वर आलं यावरून कळतं. जाड टोकावर हाच फरक दोन मिलिमीटरही दिसत नाही, आणि रिकामा गळ पाण्यात ठेवून माणूस अर्धा तास ध्यानस्थ बसतो.

मग जाड टोकाचे फ्लोट बनवतात तरी कशाला? कारण बारीक टोक वाऱ्यात बुडतं, लाटेबरोबर वरखाली होतं आणि जड दाण्यानं खाली जातं. इंग्लंडमधल्या कार्पच्या व्यावसायिक तळ्यांवर लांब, न फेकायच्या काठीसाठी ०.१ ते ०.२ ग्रॅम वजन पेलणारे, आखूड, जाड टोकाचे छोटेसे फ्लोट वापरतात. आणि रीळ लावून लांब फेकायचं असेल तर अंगठ्याएवढा जाडजूड ‘पेलेट वॅगलर’, जो कित्येक ग्रॅमचा असतो आणि पाण्यावर पडताना मुद्दाम आवाज करतो. तो आवाज मूठभर खाद्यासारखा ऐकू जावा हा हेतू. तीस मीटरच्या शेततळ्यात या दुसऱ्या प्रकाराची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. चार-पाच मीटरची बांबूची नाहीतर फायबरची काठी, काठीपेक्षा थोडा आखूड दोरा आणि कड्याच्या बाहेरच्या बाजूला हळूच सोडलेला फ्लोट. वॅगलर गंगापूरसारख्या धरणाच्या पसरट काठासाठी राखून ठेवावा, जिथे उथळ पाणी असलं तरी मासे वीस-पंचवीस मीटर आत राहतात.

दुपारनंतर मात्र शेततळ्यावरही वाऱ्याचा विचार करावा लागतो. तळं भरावावर उंच असतं, वारा अडवायला झाड नसतं. अशा वेळी फ्लोट फक्त खालच्या टोकाला ओवलेला असावा आणि काठीचं टोक पाण्यात बुडवून दोरा पृष्ठभागाखाली न्यावा. पाण्यावर तरंगणारा दोरा वाऱ्यानं फुगतो आणि फ्लोटला दाण्याच्या जागेवरून ओढून नेतो. जो दाणा आजूबाजूच्या दाण्यांसारखा वागत नाही, तो शहाणा मासा सोडून देतो.

वजनाच्या मांडणीतही हाच धागा आहे. छर्रे सगळे एकत्र गळाजवळ लावले तर दाणा सरळ, झपकन खाली जातो आणि ठरलेल्या खोलीवर जाऊन थांबतो. मासे खोलीवर स्थिर असतील, किंवा वर तिलापियाच्या पिल्लांची झुंबड असेल आणि तिच्यातून दाणा लवकर पार करायचा असेल, तर ही मांडणी बरोबर. पण मासे पडता दाणा झेलत असतील, तर छर्रे दोऱ्यावर समान अंतरानं पसरावेत, सर्वांत हलके सर्वांत खाली. खालचे पंधरा-वीस सेंटिमीटर पूर्ण मोकळे ठेवावेत. दाणा मग सुट्या दाण्याच्याच गतीनं, किंचित डुलत खाली येतो. सुटा दाणा कोणत्या गतीनं बुडतो हे घरीच काचेच्या उंच बरणीत टाकून घड्याळावर पाहता येतं, आणि नंतर गळाला लावलेला दाणा त्याच बरणीत टाकून दोन्हींची तुलना करता येते. हे दहा मिनिटांचं काम करणारा माणूस क्वचित भेटतो.

छर्रे शिशाचे नकोत. इंग्लंडमध्ये गळाच्या शिशानं राजहंस मरायला लागले, कारण हे पक्षी अन्न दळण्यासाठी वाळूचे खडे गिळतात आणि त्यांबरोबर छर्रेही गिळले जात होते. तिथे १९८७ पासून लहान शिशाच्या छर्‍यांच्या विक्रीवर बंदी आहे. नाशिककरांना हे दूरचं वाटायचं कारण नाही. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं नांदूरमध्यमेश्वर हे २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. हिवाळ्यात तिथे उतरणारी बदकं आसपासच्या तळ्यांवरही चरायला जातात. (अभयारण्याच्या हद्दीत हौशी गळ टाकायचा विचारही नको. तिथलं गाळानं भरलेलं उथळ पाणी कितीही मोहात पाडो.) कथील किंवा टंगस्टनचे छर्रे मिळतात, पण महाग पडतात. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार सहज मिळते. १ मिलिमीटर जाडीच्या तारेच्या १ सेंटिमीटर तुकड्याचं वजन ०.०७ ग्रॅम भरतं, म्हणजे बाजारात ८ नंबरचा म्हणून मिळणाऱ्या छर्‍याहून किंचित जास्त. दोऱ्याभोवती तीन वेढे दिले की झालं. बादलीत फ्लोट सोडून, फक्त रंगवलेलं टोक बाहेर राहीपर्यंत वेढे वाढवायचे आणि मग खाली लटकणाऱ्या दाण्यासाठी टोकाचा एक सेंटिमीटर जास्तीचा मोकळा ठेवायचा.

कडक दाणा गळात ओवता येत नाही, तो फुटतो. त्यासाठी १९८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांनी प्रसिद्ध केलेली युक्ती आता जगभर चालते. दाणा गळावर नसतोच, गळाच्या दांडीमागून निघालेल्या केसासारख्या बारीक दोऱ्याच्या टोकाशी बांधलेला असतो. कार्पला जबड्यात दात नाहीत, ते घशात असतात. त्यामुळे तो कोणतीही वस्तू आधी तोंडात ओढून पाहतो, पसंत नसेल तर फुंकून बाहेर टाकतो. गळ उघडा असला की फुंकताना तो ओठात वळतो आणि रुततो. बारीक दोऱ्याच्या टोकाला दाणा धरून ठेवायला सिलिकॉनची कडी मिळते. पण फ्लोटला वापरलेल्या त्याच व्हॉल्व्ह ट्यूबचा दीड-दोन मिलिमीटरचा काप ताणून दाण्याभोवती बसवला तरी काम भागतं. दाणा आणि गळाच्या बाकामध्ये तीन-चार मिलिमीटर अंतर पुरे. जास्त ठेवलं तर तिलापिया नुसता दाणा टोकरत बसतो आणि गळ तोंडात जातच नाही.

गळ लहान, जाड तारेचा, आणि त्याचा काटा पकडीनं दाबून सपाट केलेला हवा. कागदावर पडला, माशाच्या ओठात अडकला किंवा तुमच्या बोटात शिरला, तिन्ही वेळा सपाट काटा सुटायला सोपा. दोरा ०.१८ ते ०.२० मिलिमीटर जाडीचा तंगूस पुरतो. खालचा गळाचा तुकडा त्याहून थोडा बारीक, म्हणजे तुटायचंच झालं तर तो तुटेल आणि फ्लोट वाचेल. यापेक्षा जाड दोरा घेतला की दाणा ताठ लटकतो, पडताना डुलत नाही.

खोली किती ठेवायची? सुरुवात ६० सेंटिमीटरवर करावी. दहा मिनिटं दाणे टाकत राहावं आणि पाण्याकडे बघावं, फ्लोटकडे नव्हे. दाणे पडताच पाण्यावर भोवरे उठायला लागले, की फ्लोट १५ सेंटिमीटर खाली सरकवावा, म्हणजे गळ तेवढा वर येतो. फ्लोट सारखा हलतोय, झटके बसतायत, पण गळाला काही लागत नाही, हा प्रकार हमखास होतो. नवशिका त्यावर दर झटक्याला काठी उचलतो. ते झटके माशांच्या अंगाचे असतात. दोऱ्याला त्यांच्या धडका बसत असतात, म्हणजेच मासे गळाच्या वर आहेत. पुन्हा १५ सेंटिमीटर कमी करा. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी ही उतरती भाजणी अनेकदा ३० सेंटिमीटरवर, हातभर पाण्यात येऊन थांबते, आणि तिथे काठी उचलावीच लागत नाही. फ्लोट दिसेनासा होतो आणि काठी हाताला ओढते. चढाओढीतला मासा स्वतःच्याच वेगानं अडकतो.

माशामाशाची ओढ वेगळी असते. तिलापियाची ओढ म्हणजे तीन-चार बारीक टोचण्या आणि मग तिरका खेच. रोहू फ्लोटला कंप देतो, टोक थरथरतं, आणि मग ते शांतपणे खाली जातं. सायप्रिनस एखाद्या वेळी फ्लोटला वरच उचलतो, तो आडवा होऊन तरंगायला लागतो. तेव्हाही तो घेतोय हे समजून हलकेच ताण द्यावा.

बाराव्या शतकातही या विषयाचा अभ्यास झाला होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या सन ११२९ च्या सुमाराच्या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचा भाग आहे. त्यात माशांच्या जाती, गळाची साधनं आणि कोणत्या माशाला कोणता चारा घालावा याचं वर्णन येतं. साधनाच्या बरोबरीनं चाऱ्याची चर्चा करणारा हा राजा मला पुढच्या कित्येक साहेबी लेखकांपेक्षा जवळचा वाटतो. १८७३ साली हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या सनदी अधिकाऱ्याचं ‘द रॉड इन इंडिया’ आलं, आणि मग पुढची शंभर वर्षं गळावरचं बहुतेक लेखन महसीर आणि वाहत्या नदीभोवती फिरत राहिलं. साध्या तळ्यातला फ्लोट मागे पडला. मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनच्या सभासदांनी तळ्यातल्या गळाची परंपरा टिकवली, तेवढाच अपवाद.

शेततळ्यावर काही गोष्टी आपल्या सोयीच्या नसतात. भरावावर उभं राहिलं की माणूस आभाळाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो आणि वरच्या थरातले मासे दबकतात. उतरणीच्या अलीकडे बसावं. उतरणीवर मात्र उतरू नये. ओल्या कागदावर पाय टिकत नाही, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्या उतारावरून वर येता येत नाही, आणि शेततळ्यात बुडून जीव गेल्याच्या बातम्या जिल्ह्यात दर वर्षी वाचाव्या लागतात. काठावर खुंटीला बांधलेला गाठींचा दोर आणि हवा भरलेली जुनी ट्यूब पाण्यात सोडलेली आहे की नाही हे आधी पाहावं, नसेल तर स्वतः बांधावी आणि मगच काठी उलगडावी. मासा जाळीत घेऊन उचलावा, कागदावरून ओढत आणू नये. धरणावर गेलात तर मासेमारीचा ठेका बहुधा तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तिच्या माणसाला विचारल्याशिवाय बसू नये.

पहाटे मासे पाण्यावर तोंडं काढून उघडझाप करताना दिसले तर काठी बाहेरच काढू नका. ती भूक नसते. रात्रभरात पाण्यातला प्राणवायू संपत आलेला असतो आणि मासे जीव वाचवायला वर आलेले असतात. अशा वेळी शेतकऱ्याला हाक मारून मोटार सुरू करायला, पाणी उडवत परत तळ्यात सोडायला सांगणं हेच काम. खाद्यही त्या दिवशी बंद.

थंडीत उथळ फ्लोटचा हट्ट सोडावा. निफाडला काही वर्षी पारा ५ अंशांच्या खाली उतरतो, बागांमध्ये शेकोट्या पेटतात. मासे थंड रक्ताचे, त्यांची भूक पाण्याच्या तापमानावर चालते. तिलापिया तर पाणी १६ अंशांच्या आसपास आलं की खाणं जवळजवळ बंद करतो. डिसेंबर-जानेवारीत दुपारी बारा ते तीन एवढाच वेळ हाती असतो. तेव्हा गळ मीटर-दीड मीटरवर, कागदापासून निदान वीतभर वर, बारीक टोकाचा फ्लोट, एकत्र लावलेले छर्रे, आणि दाणे पाच मिनिटांनी एखाद-दुसरा.

खरा हंगाम फेब्रुवारीच्या अखेरीपासून. द्राक्षाची काढणी चालू असते, पाणी तापायला लागतं आणि मासे वर येतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की बागेला पाणी वाढतं आणि तळं झपाट्यानं उतरायला लागतं. काठावर ओल्या कागदाचा पट्टा दर आठवड्याला रुंद होत जातो. या दिवसांत मागच्या खेपेची खोली गृहीत धरू नये. काठीला हातहातभर अंतरावर रंगाच्या खुणा करून ठेवाव्यात आणि गेल्या गेल्या भरावावरच्या मोजपट्टीशी किंवा कागदावरच्या एखाद्या जोडाशी पाणी ताडून पाहावं. तळ्यात मीटरभर पाणी उरलं की मासे दाटीनं एका कोपऱ्यात जमतात आणि कोणताही फ्लोट चालतो. तेव्हा शेतकरी जाळं ओढायच्या तयारीला लागलेला असतो. काठी घडी करून गाडीत ठेवावी आणि जाळ्याचं एक टोक धरायला जावं.